बटणाएवढी गाठ

३ जून

वन्सं,

नमस्कार. हे अक्षर बघून तुम्ही पाकीट दोनदा उलटंसुलटं केलं असणार. सहा वर्षांनी भावजयीला नणंद आठवली म्हणजे काहीतरी काम असणार, हेही मनात आलं असणार. खरं आहे. कामच आहे.

फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत कोण कुणाशी काय बोललं ते तिसऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही. आणि तुमचं नाव या घरात निघत नाही, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझ्याकडे कपडे शिवून घेणाऱ्या एका बाईंची मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिच्या डाव्या छातीत, बोंडाच्या बरोबर खाली, बटणाएवढी गाठ लागते. दाबलं की दुखते. उजवीकडे काही नाही. सर्जननी जाड सुईने बारीकसा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल शब्द न् शब्द उतरवून देते: ‘नळ्यांची टोके दिसतात. भोवती भक्षक पेशींची व इओसिनोफिल पेशींची दाटी. जुनाट दाह असण्याची शक्यता. गाठ पूर्ण काढून तपासावी.’

बिचाऱ्या बाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही छातीच्या पेशींवरच काम करता एवढं मला माहीत आहे. हा कॅन्सर आहे का? या पेशींनी तिथे दाटी कशासाठी केली आहे?

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. घरी नको.

वहिनी

११ जून

वहिनी,

पाकीट दोनदा नाही, चारदा उलटंसुलटं केलं. आधी वाटलं, दादानेच तुम्हाला पुढे करून लिहायला लावलंय. मी काय लिहिते ते बघायचं आणि मग माझंच पत्र माझ्यासमोर नाचवायचं. अजूनही ती शंका पुरती गेलेली नाही. तरी लिहिते.

पहिली गोष्ट, मी डॉक्टर नाही. संशोधन संस्थेत मेणात बसवलेल्या उतींचे पातळ काप काढते, रंगवते, काचेवर चढवते आणि त्यातल्या पेशी मोजते. बावीस वर्षं हेच. आमचा विषय वयात येणाऱ्या उंदरिणी आणि त्यांची छाती. तेव्हा मी सांगते ते एका कापणारणीचं ज्ञान समजा.

भक्षक पेशी आणि इओसिनोफिल या दोन्ही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. म्हणून अहवाल लिहिणाऱ्याला दाटी दिसली की तो म्हणतो, इथे काहीतरी बिघडलंय. कोपऱ्यावर पोलीस दिसला की चोरी झाली, तसं. पण छाती वाढायला लागते तेव्हा या पेशी तिथे रोग नसतानाही येतात. वाढणाऱ्या नळीच्या टोकाभोवती जमतात. पुढची वाट मोकळी करतात, मेलेल्या पेशी खाऊन साफ करतात, नळीला फांद्या फुटायला मदत करतात. उंदरिणींमध्ये या पेशी कमी केल्या की नळ्या रखडतात आणि फांद्याही थोड्याच फुटतात. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीत ही दाटी रोगाची असेल, किंवा नुसती मोठं होण्याचीही असेल.

कुठली, ते अहवालावरून सांगता येणार नाही. विचारा त्या बाईंना: त्वचा लाल आहे का? गरम लागते का? ताप, पू, रक्त? आणि जमलं तर त्या तुकड्याचा काप चढवलेली काच मागवून मला पाठवा. तपासलेल्या काचा घरच्यांना मागता येतात.

आणखी एक. तुमच्या गिऱ्हाइकबाईंची मुलगी नऊ वर्षांची. आपली भिंगरीही आता नऊचीच असेल, नाही का?

वन्सं

१७ जून

वन्सं,

ओळखलंत. भिंगरीच.

शाळेच्या गणवेशाचं माप घेत होते. टेप आवळली तर “आई गं” म्हणून ओरडली. मी म्हटलं नाटकं करू नकोस. रोज हजार जणींची मापं घेणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीची गाठ टेपने सांगावी लागली. लाली नाही, ताप नाही, पू नाही. पोर दिवसभर उड्या मारते, छातीला धक्का लागला की तेवढं तोंड वाकडं करते.

ह्यांना सांगितलं तर चेहरा पांढराफटक पडला. स्वतःच्या आईला त्यांनी त्याच रोगात जाताना पाहिलंय, त्यांना गाठ म्हटलं की दुसरं काही ऐकूच येत नाही. सर्जन म्हणाले, “घराण्यात आहे ना? मग वाट कशाची बघताय? अर्ध्या तासाचं काम, काढून टाकू.” हे लगेच हो म्हणाले. तुम्हाला माहीतच आहे, दिवसभर लोकांच्या घरी विजेचे मीटर तपासायचे, कुणी सील तोडलंय ते हुडकायचं. जगात कुणावर विश्वास नाही या माणसाचा. आणि नेमका त्या सर्जनवर बसला!

आता काचेचं. राग मानू नका, पण विचारते. तुम्हाला काच कशाला हवी? आईंच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ह्यांनी तुमच्या पिशवीत स्वतःच्या डोळ्यांनी बाटली पाहिली होती, आत गाठीचा तुकडा आणि वर आईंचा केसपेपरचा नंबर लिहिलेली. “माझ्या आईला हिने बाटलीत भरून नेलं,” हे मी सहा वर्षं ऐकतेय. तुम्ही तेव्हा एका शब्दाने खुलासा केला नाहीत. आता नातीचाही तुकडा हवा आहे का?

मला दुखवायचं नाही. पण मी आई आहे, मला विचारलंच पाहिजे.

वहिनी

२४ जून

वहिनी,

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस लेखणी हातात धरवली नाही.

आईच्या बाबतीत काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी शब्द दिलेला आहे. तुम्हाला ही पळवाट वाटेल. वाटू दे.

काच पाठवा नाहीतर नका पाठवू, पण एवढं नीट वाचा. भिंगरीच्या डाव्या बाजूला लागते ती गाठ म्हणजे बहुधा तिची छातीच आहे. सगळीच्या सगळी. पुढे जे काही वाढायचं ते त्या बटणातूनच वाढतं. ते बटण काढून टाकलं तर त्या बाजूला जन्मभर काही येणार नाही, नुसता व्रण राहील. एका बाजूला आधी आणि दुसरीकडे काही महिन्यांनी, असं कितीतरी मुलींचं होतं.

माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. सर्जनना एकच प्रश्न विचारा: “ही गाठ काढल्यावर या बाजूची छाती वाढेल का?” आणि उत्तर लिहून मागा. शिवाय मुलांच्या ग्रंथींचे वेगळे डॉक्टर असतात, तुमच्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आहेत, मी चौकशी केली. चाकू लागण्याआधी एकदा त्यांना दाखवा. मागून दाखवून उपयोग नाही.

वन्सं

२ जुलै

वन्सं,

रुग्णालयातून दोन काचा मिळाल्या, त्यातली एक पाठवते आहे, मलमलीच्या चार घड्यांत गुंडाळून, वेगळ्या डबीत. ह्यांना माहीत नाही. तुमच्यावर विश्वास बसला म्हणून पाठवते असं समजू नका. सर्जनवरही बसत नाही म्हणून पाठवते. ह्यांच्यासमोर प्रश्न विचारायचा धीर अजून होत नाही.

संस्थेचा शिक्का असलेलं पाकीट वापरू नका. आणि पाहून झालं की काच परत हवी. मोडली तर मोडलेली परत हवी.

वहिनी

९ जुलै

वहिनी,

काच सुखरूप मिळाली. मी पाहिली, आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना दाखवली. त्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर आहेत. त्यांचं मत सोबत सहीनिशी जोडलंय. थोडक्यात असं: नळ्यांची टोकं तरुण आणि व्यवस्थित आहेत. कर्करोगाची एकही पेशी नाही. जंतुसंसर्गाची खूण नाही. भक्षक पेशी टोकांच्या भोवतीच आहेत, इतस्ततः पसरलेल्या नाहीत. वाढणाऱ्या छातीत असाव्यात तशाच. हे सगळं मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी जुळवून बघावं, असंही त्यांनी लिहिलंय.

बाई एरवी ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ यांच्याशिवाय वाक्य लिहीत नाहीत. त्यांनी ‘काढू नये’ असं लिहिलंय, खाली रेघ मारून.

काच परत पाठवते आहे. तुम्ही शस्त्रक्रियेची तारीख कळवली नाहीत. तारीख ठरली आहे का?

वन्सं

१४ जुलै

भिंगरीच्या आत्यास,

रुग्णालयाच्या डबीत दोन काचा होत्या. मधे पाहिलं तेव्हा एकच होती. काल पुन्हा दोन झाल्या. मोजणं हाच माझा धंदा आहे. दुकानातल्या चिंध्यांच्या गाठोड्याखाली तुझी पत्रं सापडली.

माझ्या बायकोला माझ्यामागे पत्रं लिहायची, तिच्याकडून माझ्या मुलीचं मांस मागवायचं, हे तुलाच सुचू शकतं. आईचं पुरलं नाही?

‘वाट बघा’ हे आईलाही कुणीतरी सांगितलं होतं. पहिली गाठ लागली तेव्हा आठ महिने वाट पाहिली आम्ही. आता मी बघणार नाही. येत्या बुधवारी शस्त्रक्रिया आहे. सर्जन मोठा माणूस आहे. तू कोण? काप काढणारी.

पुन्हा लिहू नकोस.

दादा

१७ जुलै

दादा,

एवढं एकदा लिहिते, मग नाही लिहिणार. हे पत्र वहिनीसमोर वाच.

आईला वाट बघायला सांगणं चूक होतं. तिच्या वयात, तशा गाठीला, वाट बघायची नसते. नऊ वर्षांच्या मुलीला, अशा गाठीला, घाई करायची नसते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईच्या बाबतीत झालेली चूक भिंगरीवर उलटी करून फेडता येणार नाही.

बाटलीचं आता सांगते. शब्द मोडते आहे, पण ज्या बाईला शब्द दिला तिनेच आज मला मोडायला लावला असता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आईने माझ्याकडून संमतीचा अर्ज मागून घेतला. चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. संशोधनासाठी तुकडा द्यायचा की नाही, तिथे स्वतःच्या हाताने ‘द्यायचा’ असं लिहिलं आणि सही केली. मी म्हटलं, दादाला विचारू. तर म्हणाली, “त्याला मुळीच सांगू नकोस. तो मला काचेचं भांडं समजतो. आणि हे बघ, तुझं ऑफिस मी कधी पाहिलं नाही. कुणी नेलंच नाही. असं तरी येऊन जाते.” एवढं बोलून हसली. तुला तिचं ते हसणं माहीत आहे.

तू बाटली पाहिलीस, ओरडलास, आणि मी गप्प राहिले. तिने मागितलं होतं म्हणून गप्प राहिले. थोडी रागानेही राहिले, तेही खरं.

अर्ज आमच्या कपाटात आहे. बाहेर पाठवता येत नाही. सही ओळखायला तू इथे ये. पण बुधवारनंतर ये. बुधवारी वहिनी सर्जनना एक प्रश्न विचारेल. तू फक्त उत्तर ऐक. खोटं ओळखायला सरकार तुला पगार देतं.

तुझी धाकटी बहीण

३१ जुलै

वन्सं,

तुम्ही काळजीत असाल हे ठाऊक असूनही लिहायला उशीर केला.

तुमचं पत्र सोमवारी आलं. ह्यांनी ते माझ्यासमोर वाचलं. मग म्हणाले, “सही तिनेच केली असेल आईची.” आणि जेवले नाहीत.

बुधवारी सकाळी उपाशीपोटी भिंगरीला घेऊन गेलो. तिला वाटलं, दात काढायचाय. मीच तसं सांगितलं होतं, देव मला क्षमा करो. तिला हिरवा झगा घातला, मागून नाड्या बांधल्या. झगा मोठ्या माणसाचा, पायात येत होता. मी टाचण्या शोधत होते, तेवढ्यात सर्जन आले, खाली सही करा म्हणाले.

मी विचारलं, “डॉक्टर, गाठ काढल्यावर या बाजूची छाती वाढेल ना?”

“वाढेल की. न वाढायला काय झालं?”

“मग तेवढं लिहून द्या.”

ते हसले. “अहो, असं कुणी लिहून देत नाही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलणं झालं नसतं. पर्समधून तुमच्या बाईंचं मत काढून पुढे केलं. त्यांनी वरची ओळ वाचली, खालची सही वाचली आणि कागद परत दिला. “काचेत बघणारे लोक हे. पेशंट कुठे बघतात? तुमच्या घराण्यात इतिहास आहे. उद्या काही झालं तर माझ्याकडे रडत येऊ नका.”

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. “वाढेल म्हणालात ना आत्ता?”

“म्हणालो.”

“मग लिहायला काय हरकत आहे?”

“वेळ नाही माझ्याकडे.”

“दोनच शब्द आहेत.”

सर्जन नर्सला म्हणाले, “पुढचा पेशंट घ्या, यांचं ठरू दे.” हे तिथेच उभे राहिले. मग मला म्हणाले, “ज्याला मीटर दाखवायचा नसतो ना, तो म्हणतो किल्ली हरवली. रोज ऐकतो मी.” आणि खाली वाकून पोरीच्या झग्याच्या नाड्या सोडायला लागले. सोडता सोडता निरगाठ बसवली, शेवटी मीच सोडल्या. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, असा एक कागद होता. त्यावर त्यांनी सही केली. ती त्यांची सही आहे असं बँकेनेही मानलं नसतं.

बाहेर आल्यावर म्हणाले, “तुझ्या नणंदेवर विश्वास बसला म्हणून उठलो नाही. त्या माणसावरचा उडाला म्हणून उठलो.” मी म्हटलं, “चालेल.”

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात गेलो. ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी गोष्टीच सांगितल्या, मग तपासलं, सोनोग्राफी केली, हाडांचं वय बघायला हाताचा एक्स-रे काढला. म्हणाल्या, “मोठी व्हायला लागली आहे, बाकी काही नाही. जरा लवकर, पण ठीक आहे. तीन महिन्यांनी या.” ह्यांनी तेच चार वेळा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. शेवटी लिहून द्याल का म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, खाली तारीख-वेळ घालून.

दुसरी बाजू अजून सपाटच आहे. हे रोज सकाळी मला विचारतात. मी रोज सकाळी बघते. तुमचं खरं निघालं नाही तर काय, हा विचार मनात येतो, तो लपवत नाही.

वहिनी

२८ ऑगस्ट

वहिनी,

आता तुम्ही-बिम्ही पुरे. तू सहा वर्षांनी लिहिलंस, तेव्हा मीही एक गोष्ट लिहिते, जी लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

‘काच कशाला हवी’ असं तू विचारलं होतंस. मी दुखावल्याचं सोंग आणलं. सोंग सगळंच खोटं नव्हतं, पण ऐक. ती काच पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली ठेवली तेव्हा मला भिंगरी आठवलीच नाही. बावीस वर्षं मी उंदरिणीच पाहिल्या. माणसाच्या मुलीचं या वयातलं असं कुणी कापून बघत नाही, बघूही नये. आणि समोर तेच: नळीचं टोक, भोवती त्याच पेशी. मला आनंद झाला, वहिनी. नुसता आनंद. काच बाईंकडे न नेता अर्धा दिवस माझ्या खणात ठेवली. आधी मोजून नोंद करायची आणि मग तुला विचारायचं, असं मनात जुळवत होते. दुपारी मलमलीची घडी घालताना तुझ्या बारीक टाक्यांवर हात पडला. डबीत हलू नये म्हणून तू कापड शिवून टाकलं होतंस. मग उठले आणि बाईंकडे गेले. नोंद केली नाही. पण तुझा संशय पूर्ण चुकीचा नव्हता, हे तुला माहीत असावं.

दुसरं असं, की गेल्या गुरुवारी दादा आला. न कळवता, धाडीला येतात तसा. अर्ज मागितला. आईची सही खिडकीपाशी नेऊन पाहिली, उलटी धरून पाहिली. ‘द्यायचा’ या शब्दावरून बोट फिरवलं. मग विचारलं, “ते अजून आहे का इथे?”

मी आईची काच काढून दिली. त्याला मायक्रोस्कोपमध्ये बघता येईना, सारखा स्वतःच्याच पापण्या बघत होता. मग दिसलं. मी कुठे काय आहे ते सांगत गेले. आईच्या गाठीतही भक्षक पेशींची दाटी आहे. तो दचकला. “या भिंगरीच्यात होत्या त्याच?” म्हटलं, त्याच. छाती वाढवायला जे काम करतात तेच काम इथे गाठीसाठी करत बसल्या. त्यांना कुणी सांगितलंच नाही की इथे नको.

मग म्हणाला, “यातल्या आईच्या कुठल्या आणि रोगाच्या कुठल्या?”

मी म्हटलं, “दादा, सगळ्या आईच्याच.”

त्याने डोळा पुन्हा मायक्रोस्कोपला लावला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन काप काढत बसले. निघताना म्हणाला, “चांगलं ऑफिस आहे.” बस. एवढंच.

तुझी वन्सं

५ मार्च

वन्सं,

आधी बातमी. उजवीकडेही आलं. महिन्याभरापूर्वी हाताला कणभर लागलं, आता डाव्याएवढं नाही, पण आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं समाधान? ह्यांनी त्यांच्या टेबलावर सगळ्यांसमोर डोकं टेकवलं. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

तुमची ती कबुली मी ह्यांना वाचून दाखवली नाही. काही गोष्टी नणंदा-भावजयांतच राहिलेल्या बऱ्या. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चार दिवस होता. मग वाटलं, ज्या बाईने स्वतःहून हे सांगितलं तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणजे, एक डोळा मिटून.

मी भिंगरीला सगळं खरं सांगितलं. दाताचं खोटं बोलले तेही. ती पहिल्यांदा त्याच्यावरच चिडली. मग काच उजेडात धरून म्हणाली, “हे माझं आहे?” म्हटलं, तुझंच. “आत्याला हवंय?” म्हटलं, हवं होतं. तर म्हणते, “मोठी झाल्यावर ठरवीन. तोवर आत्याने फक्त उंदीर बघायचे.” निरोप पोचवला.

सकाळी बघायची मला इतकी सवय लागली होती की दुसरी बाजू आल्यावरही चालूच होतं. काल तिने झग्याची बटणं लावली, माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, “आई, आता रोज नाही बघायचं. काही झालं तर मी सांगेन ना तुला.”

मी म्हटलं, बरं.

म्हटलं तर आहे. आज सकाळी दोनदा ती झोपते त्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

वहिनी